डिस्क भरते, सर्व्हर अडतो आणि टूलची तीन कोटेशन्स टेबलावर

प्रश्न: तुर्भे एमआयडीसीत आमच्या कंपनीचं कोल्ड स्टोरेज आणि कंटेनर वाहतुकीचं काम चालतं. मी मूळचा नेटवर्क-हार्डवेअर सांभाळणारा. डेटाबेस बघणारे सहकारी नोकरी सोडून गेले आणि साहेबांनी ईआरपीचा (कंपनीचे सगळे व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर माझ्या गळ्यात घातला. एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्ड आहे, जुन्या २०१२ वरून आणलेला. ६४ जीबी रॅम, साधारण ६० वापरकर्ते. डेटा फाइल १४० जीबीची, पण लॉग फाइल (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी) दोन-तीन आठवड्यांत २९० जीबीपर्यंत जाते आणि ५०० जीबीची डी ड्राइव्ह भरत येते. मग व्हेंडरने शिकवल्याप्रमाणे रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा ते ठरवणारं सेटिंग) सिंपल करतो, लॉग श्रिंक करतो, म्हणजे फाइल लहान करतो, परत मॉडेल फुल करतो. रोज रात्री २ वाजता फुल बॅकअप ई ड्राइव्हवर होतो. डी आणि ई एकाच रेडवर (डिस्कच्या एकाच जोडलेल्या संचावर) आहेत. दर रविवारी सगळे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) रीबिल्ड करणारा जॉब आहे, त्यानंतर सर्व्हर रिस्टार्ट करतो. तरीही सकाळी साडेअकराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं सगळं ठप्प होतं, गेटवर ट्रेलरची रांग लागते. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम २० टक्के दिसतो. महिन्याच्या १० आणि २० तारखेच्या आसपास त्रास वाढतो. साहेब मॉनिटरिंग टूल घ्यायला तयार आहेत, तीन कोटेशन्स आली आहेत. कुठलं घ्यावं? आणि रविवारचा रिस्टार्ट चालू ठेवू का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर: टूल आत्ता घेऊ नका. ते तुम्हाला डी ड्राइव्ह भरत आल्याचं सांगेल, आणि ते तर तुम्हाला आधीच माहीत आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलीच नाही. लॉगचा बॅकअप कधीच होत नाही, आणि जो फुल बॅकअप रोज होतो तो कुणी रिस्टोअर करून पाहिल्याचं कुठे दिसत नाही. त्यामुळे आधी लॉग, मग रिस्टोअर, मग साडेअकराचा गोंधळ आणि टूल सगळ्यात शेवटी.

फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये लॉगमधली जागा पुन्हा वापरायला मोकळी होते ती फक्त लॉगचा बॅकअप झाल्यावर. रोजच्या फुल बॅकअपने ती मोकळी होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तपासायचं असेल तर सिस.डेटाबेसेस या व्ह्यूमधला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा रकाना बघा. तिथे 'लॉग_बॅकअप' असेल तर निदान झालं. 'ॲक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन' असेल तर कुणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायचा बदलांचा गट) उघडं टाकलंय, ते डीबीसीसी ओपनट्रॅन या कमांडने सापडेल. फाइलचा किती टक्के भाग खरोखर वापरात आहे ते डीबीसीसी एसक्यूएलपर्फ लॉगस्पेस सांगतं.

पण २९० जीबी येतात कुठून? ६० माणसं दिवसभर गेटपास आणि बिलं टाकत राहिली तरी तीन आठवड्यांत एवढा लॉग होत नाही. संशय रविवारच्या जॉबवर आहे. फुल मॉडेलमध्ये इंडेक्स रीबिल्ड केला की जवळपास त्या इंडेक्सएवढाच लॉग लिहिला जातो. १४० जीबीच्या डेटाबेसमधले सगळे इंडेक्स दर रविवारी नव्याने बांधले तर एका रात्रीत शंभरेक जीबी सहज. शनिवारी रात्री आणि सोमवारी सकाळी लॉगस्पेसचे आकडे टिपून ठेवा, चोर पकडला जाईल.

व्हेंडरच्या युक्तीचा खरा तोटा वेगळाच आहे. सिंपल केलं की लॉगची साखळी तुटते. परत फुल केलं तरी नवा फुल किंवा डिफरेन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलंच घेणारा) बॅकअप होईपर्यंत डेटाबेस आतून सिंपलसारखाच वागतो. दुपारी ही युक्ती केली आणि संध्याकाळी डिस्क गेली तर हाती राहतो आदल्या रात्रीचा २ वाजताचा बॅकअप. दिवसभरातले सगळे गेटपास, वजनाच्या पावत्या, ई-वे बिलांचे क्रमांक पुन्हा टाकायचे, तेही कागद सापडले तर.

ही युक्ती आता शेवटची एकदा करा, पण नीट क्रमाने. २९० जीबीचा लॉग बॅकअप ठेवायला तुमच्याकडे जागा दिसत नाही, आणि साखळी आजवर कधी नव्हतीच, म्हणून हे चालेल. वेळ गेटवरचं काम सगळ्यात कमी असेल ती घ्या. रिकव्हरी मॉडेल सिंपल करा. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणारी कमांड) द्या. डीबीसीसी श्रिंकफाइलने फक्त लॉग फाइल लहान करा. आकार कमी झाला नाही तर घाबरू नका. वापरातला तुकडा फाइलच्या शेवटाला असला की असं होतं. थोडं काम चालू द्या, पुन्हा चेकपॉइंट, पुन्हा श्रिंक. मग फाइल योग्य आकाराला स्वतः वाढवा, मॉडेल फुल करा आणि त्याच क्षणी फुल बॅकअप घ्या. तो पूर्ण झाला की दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअपचा जॉब सुरू करा. फुल बॅकअप व्हायच्या आत लॉग बॅकअपचा जॉब लावलात तर तो फेल होईल, तेव्हा मधली पायरी गाळू नका.

योग्य आकार म्हणजे किती? सगळ्यात मोठ्या इंडेक्सचा आकार बघा. एक रीबिल्ड म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, ते संपेपर्यंत तेवढा लॉग अडकून राहतो, मधे कितीही लॉग बॅकअप झाले तरी. समजा मोठ्यात मोठा इंडेक्स २२ जीबीचा निघाला, तर लॉग ३२ जीबीचा ठेवा. तो ८-८ जीबीच्या चार टप्प्यांत वाढवा, म्हणजे आतले तुकडे, म्हणजे व्हीएलएफ, साधारण ६४ राहतात. टक्क्यांतली ऑटोग्रोथ (फाइलची आपोआप वाढ) बंद करून १ जीबीची ठरावीक वाढ द्या. टक्क्यांवर ठेवलं आणि फाइल २९० जीबीची झाली की १० टक्के म्हणजे २९ जीबी एका झटक्यात. डेटा फाइलसारखी लॉग फाइल झटपट वाढत नाही, नवी जागा आधी शून्यांनी भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत प्रत्येक सेव्ह अडून बसतो. उलट टोकाला, फाइल छोट्या-छोट्या तुकड्यांत हजारदा वाढली असेल तर वीज गेल्यानंतर डेटाबेस उघडायला फार वेळ लागतो. अशा वेळी तो 'इन रिकव्हरी' दिसतो. तेव्हा पुन्हा रिस्टार्ट करायचा मोह टाळा, कारण काम पहिल्यापासून सुरू होतं. एरर लॉगमध्ये (सर्व्हरच्या घडामोडींची ही फाइल वेगळी) रिकव्हरी किती टक्के झाली ते दिसत राहतं, तेवढं बघत बसा.

आणि एलडीएफ, म्हणजे लॉग फाइल, कधीही डिलीट करू नका. जागा हवी म्हणून डेटाबेस डिटॅच करून लॉग उडवायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. डेटाबेस सस्पेक्ट (सर्व्हरने बिघडलेला ठरवलेला) असताना डिटॅच केला तर परत अटॅच होईलच याचा भरवसा नाही. डेटा फाइल गेली आणि लॉग शाबूत आहे अशी वेळ आली, तर पहिलं काम टेल-लॉग (लॉगच्या उरलेल्या शेपटाचा) बॅकअप, नो_ट्रंकेट पर्याय लावून. शेवटच्या मिनिटापर्यंतची कामं त्यातच असतात.

डेटा फाइल मात्र श्रिंक करू नका. फाइलच्या शेवटची पानं (डेटाचे छोटे तुकडे) उचलून पुढे कोंबली जातात, इंडेक्सचा क्रम विस्कटतो, आणि रविवारी तुम्ही तो रीबिल्ड करून फाइल पुन्हा फुगवता.

रविवारचा जॉब बदला. 'सगळेच इंडेक्स' हे मेंटेनन्स प्लॅनचं सोपं उत्तर आहे, बरोबर नाही. ओला हॅलेनग्रेन यांच्या मोफत स्क्रिप्ट वापरा. त्या १,००० पानांपेक्षा लहान इंडेक्स सोडून देतात, ५ ते ३० टक्के विस्कटलेले रीऑर्गनाइझ करतात आणि त्यावरचे रीबिल्ड. हे आकडे बदलता येतात. आम्ही तर म्हणू की रीबिल्ड महिन्यातून एकदा, आणि आठवड्याला फक्त स्टॅटिस्टिक्स (टेबलात कसला डेटा किती आहे याचे सर्व्हरचे आकडे) अपडेट. वेगातला जो फरक लोक रीबिल्डच्या नावावर मांडतात, त्यातला बराचसा स्टॅटिस्टिक्स ताजे झाल्यामुळे असतो. शिवाय स्टँडर्ड आवृत्तीत ऑनलाइन रीबिल्ड नाही, चालू असताना टेबल लॉक असतं. कोल्ड स्टोरेजचं गेट रविवारी रात्रीही उघडं असणार.

आता रिस्टोअर. साहेबांसमोर बसून दोन आकडे लिहून घ्या: किती मिनिटांचं काम पुन्हा टाकायला लागलं तर चालेल, आणि सर्व्हर किती तास बंद राहिला तर चालेल. १५ मिनिटांचा लॉग बॅकअप हे पहिल्या आकड्याचं उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर प्रत्यक्ष रिस्टोअर केल्याशिवाय कुणीही देऊ शकत नाही, कितीही अनुभवी असला तरी.

त्यासाठी १ टीबी एसएसडी असलेलं एक मशीन पुरेल. त्यावर २०१९ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी, मागची चालत नाही. फुल बॅकअप नोरिकव्हरीसह (डेटाबेस इतक्यात उघडू नये म्हणून) टाका, मग शेवटचा डिफरेन्शियल, मग त्यानंतरचे लॉग एकेक करून क्रमाने. शेवटच्या लॉगला स्टॉपॅट देऊन आदल्या दिवशीच्या दुपारी ३ वाजून १० मिनिटांवर थांबा आणि रिकव्हरी द्या. त्या वेळेचा शेवटचा गेटपास दिसतोय का ते गेटवाल्याकडून तपासून घ्या. पूर्ण वेळ घड्याळ लावून मोजा. मग त्याच प्रतीवर डीबीसीसी चेकडीबी चालवा, म्हणजे मूळ सर्व्हरवर ताण न येता डेटा शाबूत असल्याची खात्री होते. बॅकअप घेताना चेकसम (डेटा बिघडलेला नाही ना याची पडताळणी) आणि कॉम्प्रेशन दोन्ही चालू ठेवा. रिस्टोअर व्हेरिफायओन्ली चाललं म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. फाइल वाचता येते एवढंच ते सांगतं, आतल्या डेटाची रचना धड आहे की नाही ते नाही.

पहिल्यांदा रिस्टोअर करणारे हमखास अडकतात ते लॉगिनपाशी. डेटाबेस उघडतो, पण ईआरपीला आत घुसता येत नाही. लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये असतात, वापरकर्ते तुमच्या डेटाबेसमध्ये, आणि दोघांना जोडणारा एसआयडी (ओळख क्रमांक) नव्या सर्व्हरवर जुळत नाही. म्हणून लॉगिन एसआयडीसकट स्क्रिप्ट करून ठेवा, मास्टर आणि एमएसडीबीचाही रोज बॅकअप घ्या. सगळे जॉब एमएसडीबीतच राहतात. पारदर्शक एन्क्रिप्शन चालू असेल तर सर्टिफिकेट आणि त्याची की वेगळीकडे ठेवलेली हवी, नाहीतर बॅकअप असूनही उघडणार नाही.

एका रेडवर डेटा आणि बॅकअप ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात लावण्यासारखं आहे. रात्रीचा बॅकअप आधी वेगळ्या मशीनवर जाऊ द्या, मग इमारतीबाहेर. आपल्या भागात 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठे याचा जरा विचार करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तुर्भ्यातल्या सर्व्हरची प्रत मुंबईतच राहिली तर दोन्ही एकाच पावसात येतात. एडब्ल्यूएसचं हैदराबाद रिजन आहे, ॲझ्युअरचं सेंट्रल इंडिया पुण्यात आहे. कॉम्प्रेस होऊन बॅकअप ४० जीबीचा झाला आणि लाइन ५० एमबीपीएसची असली तर पावणेदोन-दोन तासांत वर जातो. रोज फुल पाठवायची गरज नाही. रविवारी फुल, रोज डिफरेन्शियल, दिवसभर लॉग. आणि त्या जागेवर ठरावीक दिवस काहीच पुसता येणार नाही असं कुलूप लावा. रॅन्समवेअर आलं की डोमेन ॲडमिनच्या हाताने आधी बॅकअप पुसले जातात, मग सर्व्हर एन्क्रिप्ट होतो.

साडेअकराचं प्रकरण. सीपीयू २० टक्के आणि तरी सगळं ठप्प, म्हणजे सर्व्हर कामाने वाकलेला नाही. तो कशाची तरी वाट बघतोय, आणि जवळपास नक्कीच लॉकची (एकाने डेटा धरला की दुसऱ्याने थांबायचं). त्या पंधरा मिनिटांत सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स बघा. ब्लॉकिंग_सेशन_आयडी शून्य नसलेल्या ओळी काढा आणि साखळी धरून वर जा. जो सगळ्यांना अडवतोय पण ज्याला कुणी अडवत नाही, तो तुमचा माणूस. ॲडम मशॅनिक यांची एसपी_हूइजॲक्टिव्ह ही मोफत प्रोसिजर हेच काम एका झटक्यात करते, ब्लॉक करणारी क्वेरी कुठली तेही दाखवते.

तो माणूस बहुतेक दोनपैकी एका प्रकारचा निघेल. एक तर सेशन 'स्लीपिंग' आहे, पण ओपन_ट्रान्झॅक्शन_काउंट एक किंवा जास्त. म्हणजे ईआरपीने ट्रान्झॅक्शन उघडून स्क्रीनवर 'सेव्ह करायचं का?' विचारलंय आणि बसलेला चहाला गेलाय. हा कोडमधला दोष, व्हेंडरकडे पुराव्यासह पाठवा. नाहीतर अकाउंट्सचा मोठा रिपोर्ट चाललाय. १० आणि २० तारखेचा उल्लेख वाचून आमचा कल याच बाजूला आहे. ११ तारखेला जीएसटीचं जीएसटीआर-१ हे विवरणपत्र आणि २० ला ३बी भरायचं असतं, आणि आदल्या दोन दिवसांत महिन्याभराच्या बिलांचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढले जातात. नेहमीच्या रीड कमिटेड पातळीत वाचणारा लिहिणाऱ्याला अडवतो आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. रिपोर्टने टेबलवर मोठा लॉक धरला की गेटवरचा गेटपास थांबतो.

यावर व्हेंडर प्रत्येक क्वेरीत नोलॉक घालून देईल. नको म्हणा. नोलॉकने अर्धवट बदललेल्या ओळी दिसतात, तीच ओळ दोनदा येऊ शकते किंवा गाळली जाऊ शकते. जीएसटीच्या बेरजेत असं झालं तर कुठे चुकलं ते शोधायलाही वाव नाही. चांगला मार्ग म्हणजे रीड कमिटेड स्नॅपशॉट चालू करणं. वाचणाऱ्याला ओळीची आधीची प्रत मिळते आणि तो कुणाला अडवत नाही. त्या प्रती टेम्पडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसमध्ये) राहतात, म्हणून टेम्पडीबीला जागा द्या. बदलणाऱ्या ओळींवर १४ बाइट वाढतात. आणि हा पर्याय चालू करताना डेटाबेसवर दुसरं कुणी नको, एक मिनिटाची शांत वेळ हवी. आधी रिस्टोअर केलेल्या प्रतीवर ईआरपीची महत्त्वाची कामं करून बघा, कारण काही जुनी ॲप्लिकेशन्स लॉकवर विसंबून पुढचा बिल क्रमांक काढतात. अशी असतील तर एकाच क्रमांकाची दोन बिलं निघू शकतात.

सेशन किल करायची वेळ आली तर आधी ते किती वेळ लिहितंय ते बघा. अर्धा तास अपडेट करत असलेलं सेशन मारलं तर रोलबॅकला तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो, आणि तोपर्यंत लॉक सुटत नाहीत. आणि सर्व्हरमध्ये शिरताच येत नाही इतकं तुंबलं तर डेडिकेटेड ॲडमिन कनेक्शन (ॲडमिनसाठी राखीव वाट) असतं. पण ते दुसऱ्या मशीनवरून वापरायचं तर 'रिमोट ॲडमिन कनेक्शन्स' आधीच चालू केलेलं हवं.

साडेअकराला तुम्ही टेबलाजवळ असालच असं नाही. 'ब्लॉक्ड प्रोसेस थ्रेशोल्ड' (किती सेकंद अडल्यावर रिपोर्ट करायचा ते सेटिंग) मुळात शून्य, म्हणजे बंद असतं. ते १५ सेकंदांवर ठेवा आणि एक्स्टेंडेड इव्हेंट्सने (सर्व्हरमधल्या नोंदणीच्या सोयीने) ते रिपोर्ट फाइलमध्ये साठवा. प्रोफायलर उघडून बसू नका, चालत्या सर्व्हरवर त्याचाच भार पडतो.

२०१२ वरून आणलेला डेटाबेस म्हणजे कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ते) ११० वरच राहिलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे जुना नियम चालतो: टेबलच्या २० टक्के ओळी आणि वर ५०० बदलल्यावरच स्टॅटिस्टिक्स आपोआप अपडेट. १ कोटी ओळींच्या टेबलात ते २० लाख बदल झाले. १३० आणि त्यापुढच्या लेव्हलवर तेच साधारण १ लाखाला होतं. गेटपासच्या टेबलात रोज नव्या तारखा शेवटी येत राहतात, आणि जुन्या स्टॅटिस्टिक्सना त्यांचा पत्ताच नसतो. 'आजच्या तारखेच्या ओळी' विचारल्या की सर्व्हरला वाटतं एखादीच असेल, आणि तो त्या हिशेबाने चुकीचा प्लॅन (क्वेरी चालवायची पद्धत) निवडतो. तात्पुरतं, अशा दोन-चार टेबलांचे स्टॅटिस्टिक्स रोज पहाटे फुलस्कॅनने अपडेट करा. लेव्हल थेट १५० करू नका. आधी क्वेरी स्टोअर (क्वेरींचे प्लॅन आणि वेळ साठवणारी सोय) चालू करा, एक अख्खा महिना जाऊ द्या, म्हणजे ११ आणि २० तारीख दोन्ही त्यात येतील. मग लेव्हल बदला. एखादी क्वेरी बिघडली तर जुना प्लॅन तिथूनच फोर्स करता येतो.

आता मॉनिटरिंग. खरं तर निम्मं एसक्यूएल एजंटमध्येच (जॉब चालवणाऱ्या सर्व्हिसमध्येच) आहे. डेटाबेस मेल आणि ऑपरेटर लावा, आणि सिव्हिरिटी (एररचं गांभीर्य) १९ ते २५ चे अलर्ट करा. त्याशिवाय ८२३, ८२४ आणि ८२५ हे तीन एरर क्रमांक वेगळे लावा. ८२५ म्हणजे पान पहिल्या प्रयत्नात वाचता आलं नाही, पुन्हा वाचल्यावर आलं. काम चालू राहतं, म्हणून त्याची सिव्हिरिटी फक्त १० असते आणि वरच्या अलर्टमधून तो निसटतो. पण डिस्क जायच्या आधीची सूचना तीच. ८३३ ही तसाच, एखादं वाचन-लेखन १५ सेकंदांपेक्षा लांबलं की येतो. ९००२ म्हणजे लॉग भरला. प्रत्येकाला पंधरा मिनिटांची उसंत द्या, नाहीतर एका रात्रीत हजार मेल येतील आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते उघडणार नाही.

यात एक भोक राहतं. फेल झालेला जॉब ओरडतो, पण न चाललेला जॉब गप्प असतो. कुणी एजंट सर्व्हिस बंद केली तर लॉग बॅकअपही नाही आणि अलर्टही नाही. म्हणून दुसऱ्या मशीनवरून दर अर्ध्या तासाला एकच प्रश्न विचारा: एमएसडीबीच्या बॅकअपसेट टेबलात 'एल' प्रकारची शेवटची नोंद ३० मिनिटांच्या आतली आहे का? उत्तर 'नाही' असो की उत्तरच न येवो, फोन वाजला पाहिजे. डिस्कसाठीही टक्के कामाचे नाहीत. ५० जीबी मोकळे आहेत आणि रोज २ जीबी वाढतंय तर २५ दिवस आहेत. तासाला ६० जीबी वाढतंय तर तासही नाही. वाढीचा वेग आणि उरलेला वेळ यावर अलर्ट लावा.

वेट स्टॅटिस्टिक्स (सर्व्हर कशाची किती वाट बघतो त्याचे आकडे) दर १५ मिनिटांनी एका टेबलात उतरवून फरक काढा, कारण मूळ आकडे सर्व्हर चालू झाल्यापासूनची बेरीज असतात. एलसीके ने सुरू होणारी वाट म्हणजे लॉक. राइटलॉग म्हणजे लॉगची डिस्क मंद. पेजआयओलॅच म्हणजे डेटा मेमरीत नव्हता, डिस्कवरून आणावा लागला. असिंक_नेटवर्क_आयओ दिसला तर सर्व्हर निर्दोष आहे, समोरचा रिपोर्ट किंवा एक्सेल ओळी उचलत नाहीये. सिस.डीएम_आयओ_व्हर्च्युअल_फाइल_स्टॅट्समध्ये लॉगचं लेखन ५ मिलिसेकंदांच्या आत आणि डेटाचं वाचन २० च्या आत असेल तर डिस्कला दोष देऊ नका. पेज लाइफ एक्स्पेक्टन्सी (पान मेमरीत किती सेकंद टिकतं ते) ३०० च्या वर हवी, हा नियम ४ जीबी रॅमच्या काळातला आहे, त्यावर अलर्ट लावू नका.

उरलेल्या सेटिंग्ज पटकन. मॅक्स सर्व्हर मेमरी मुळात जवळपास अमर्याद असते, ६४ जीबीच्या मशीनवर ५४-५५ जीबी ठेवा. कॉस्ट थ्रेशोल्ड फॉर पॅरललिझम (क्वेरी किती जड असली की अनेक कोअरवर वाटायची ते) ५ वरून ५० करा. विंडोजचा पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' असेल तर 'हाय परफॉर्मन्स'. अँटिव्हायरसमधून एमडीएफ, एलडीएफ, एनडीएफ आणि बॅकअप फाइल्स वगळा. व्हेंडर एसए (सगळे अधिकार असलेलं लॉगिन) ने लॉगिन करत असेल तर त्याला वेगळं लॉगिन द्या आणि एसए बंद करा. एसक्यूएल सर्व्हरचं १४३३ पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर आजच बंद.

टूल तीन महिन्यांनी बघा. तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की यातलं काय हाताने करायला कंटाळा येतो, आणि फक्त तेच विकत घ्यायचं. व्हेंडरला दोन गोष्टी विचारा: जुना डेटा किती महिने टिकतो (गेल्या २० तारखेशी या २० ची तुलना करता आली पाहिजे), आणि टूल स्वतःच बंद पडलं तर कोण सांगतं. त्याचा डेटाबेस याच सर्व्हरवर टाकायचा म्हणत असेल तर ते कोटेशन बाजूला काढा.

रविवारचा रिस्टार्ट बंद करा. त्याने बरं वाटतं कारण अडवून बसलेली सेशन्स मरतात. पण मेमरीत आलेला डेटा जातो, सगळे प्लॅन जातात, वेट स्टॅटिस्टिक्स शून्य होतात, आणि सोमवारची सकाळ डिस्कवरून वाचण्यात जाते. शिवाय प्रत्येक रिस्टार्टला एरर लॉगची नवी फाइल सुरू होते आणि मुळात फक्त ६ जुन्या जपल्या जातात. दीड महिन्यापूर्वीचा पुरावा आज तुमच्याकडे नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. जपायच्या फाइल्सची संख्या ३० करा आणि एसपी_सायकल_एररलॉग आठवड्यातून एकदा जॉबने चालवा, म्हणजे २६ आठवडे भरतात. २०१९ चा मुख्य सपोर्ट २८ फेब्रुवारी २०२५ ला संपला, आता ८ जानेवारी २०३० पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट येतील. रिस्टार्ट तेवढ्या अपडेटच्या रात्री करा, गेटला आधी कळवून, आणि सर्व्हिस थांबवण्यापूर्वी डीबीसीसी ओपनट्रॅन एकदा बघून.